दोन जीबीचा पाहुणा

जुलैत सोसायटीत काम नसतं.
होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या,
डिझेलपंपाला कुलूप,
आणि बर्फाच्या कारखान्यात दत्ताराम आडिवरेकर
रिकाम्या साच्यांत स्वतःचे कपडे भिजवतो.
चेअरमन म्हणाले, एक तारखेच्या आत
नवी सिस्टीम बसव,
जुनीला आता कंपनीसुद्धा विचारत नाही.
दारातून वळून म्हणाले,
बिघडवू नकोस मात्र काही.

म्हणून थेट बसवली नाही.
जुन्याच्या पोटात एक खोटं यंत्र उभं केलं,
दोन जीबी मेमरी, चाळीस जीबी डिस्क,
एवढा संसार वेगळा काढून दिला.
त्याला पाहुणा म्हणतात. जुना तो यजमान.
पाहुण्याला वाटतं, घर आपलंच.
ज्याला तो डिस्क समजतो
ती यजमानाच्या घरातली एक लांबलचक फाईल आहे
हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.
मीही सांगणार नाही.

पहिल्या दिवशी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर वीज गेली.
दुसऱ्या दिवशी बसली,
पण अध्यक्षांमधला क्ष फुटला,
क् एकीकडे, ष दुसरीकडे, मधे फट.
तिसऱ्या दिवशी पावत्यांचा प्रिंटर,
तो सुयांचा, करवतीसारखा ओरडणारा,
पाहुण्याला दिसेचना.

हात लावण्याआधी दर वेळी स्नॅपशॉट.
मंगळवार, चार वाजून दहा मिनिटं.
बिघडलं की मागे.
सात वेळा मी त्याच मंगळवारी परत गेले.
पाहुण्याला त्यातली एकही फेरी आठवत नाही,
दर वेळी ताज्या तोंडाने विचारतो,
भाषा कोणती हवी?
बाहेर शनिवार उजाडलेला,
मुसाकाजीच्या धक्क्याला भांगाचं पाणी लागलेलं.

चाचणीला नोंदी लागतात.
चालत्या होड्यांची नावं घेतली नाहीत,
उद्या कोणाचा कोटा चुकला तर
जेटीवर माझ्याच नावाने शंख.
एकच टाकली:
सफीना. सहा सिलिंडर. मालक हसन मिरकर.
माझे अब्बा.
तीन वर्षांपूर्वी वेरावळच्या माणसाने नेली,
आता आमच्या कुठल्याच वहीत नाही.
कोणाचं नुकसान होणार नव्हतं.

दोनशे लिटर दिलं.
बावीस लाद्या बर्फ, सात खलाशी, नावं मनाची.
परतीच्या रकान्यात बांगडा, म्हाकूल,
आणि एकदा मुद्दाम
उणे चाळीस किलो सुरमई.
नव्या सिस्टीमने निमूट घेतली.
ही चूक लाल शाईने लिहून ठेवली.

रात्री जेवताना सांगितलं.
अब्बा काटे बाजूला काढत राहिले.
मग म्हणाले, दोनशेत?
दोनशेत ती दुसऱ्या दिवशी वाटेत उभी राहील.
साडेतीनशे लागायचं तिला.
आणि बावीस लाद्या कशाला,
पुढची पेटी गळकी होती, अठराच ठेवायचो.

सकाळी साडेतीनशे टाकलं.
कोट्यापेक्षा जास्त, असं लाल अक्षरात आलं.
हे मात्र बरोबर चालत होतं.

एकोणतीसला प्रिंटर दिसला.
क्ष जुळला, फॉन्ट बदलल्यावर.
तीसला खऱ्या यंत्रावर बसवलं,
खऱ्या होड्या चढवल्या, एकशे अकरा,
एकेक ताडून पाहिली.
त्यांत सफीना नाही. नसायलाच हवी.

उरला पाहुणा.
काढून टाकायचा का, यंत्राने विचारलं,
फाईलींसकट?
कर्सर लुकलुकत होता,
पत्र्यावर पाणी वाजत होतं,
दत्ताराम साचे घासायला लागला होता.

थांबवून ठेवा, हे दाबलं.
आत मंगळवार आहे. होडी बाहेर आहे.
अकरा जीबी जागा अडलीय.
चेअरमननी विचारलं तर सांगेन,
बॅकअप आहे.